कॉलेजातला गांजा, धुळवडीची भांग आणि एसएफ-८६ चा तेविसावा विभाग

प्रश्न थोडक्यात असा: वय २८, सॉफ्टवेअरचं काम. शाळेत असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलो, तीन वर्षांपूर्वी नागरिकत्व मिळालं, सध्या मुक्काम मेरीलँडमध्ये. संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदाराने नोकरी देऊ केली आहे, पण सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गुप्त सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी, मिळण्याच्या अटीवर. कोलोरॅडोत कॉलेजला असताना दहा-पंधरा वेळा गांजा ओढला. परीक्षेच्या दिवसांत मित्राची अ‍ॅडरॉलची गोळी एकदा घेतली. चार वर्षांपूर्वी धुळवडीला पुण्यात मामाकडे भांगेची थंडाई प्यायलो. आणि चौदा महिन्यांपूर्वी लास वेगासला मित्राच्या बॅचलर पार्टीत दुकानातून घेतलेली गांजाची एक गमी (चघळायची गोळी) खाल्ली. मित्र म्हणतात, 'सरळ नाही लिही, कोण बघतंय.' क्लिअरन्स मिळेल का?

तुम्ही विचारलंय 'मिळेल का', पण तुमच्या हातात आहे ती गोष्ट वेगळीच आहे. घेतलं ते घेतलं, ते आता बदलत नाही. एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये, खास करून अमली पदार्थांबद्दलच्या विभाग २३ मध्ये, काय लिहिता आणि सही केल्यापासून पुढे कसे वागता, एवढंच उरलंय. तुम्ही सांगताय तेवढ्या वापराने क्लिअरन्स अडलाच पाहिजे असं नाही. खोटं 'नाही' मात्र सहसा अडवतं, आणि ते तीन-चार वर्षांनी उघड झालं तर नोकरीही जाते. मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा.

आधी हे नियम येतात कुठून ते पाहू. क्लिअरन्सचा निकाल 'सीड-४' या आदेशातल्या मार्गदर्शक सूत्रांवर लागतो. ८ जून २०१७ पासून ती लागू आहेत. एकूण तेरा सूत्रं, ए ते एम. तुमच्याशी थेट संबंध दोघांचा: अमली पदार्थांबद्दलचं 'एच' आणि वैयक्तिक वर्तणुकीबद्दलचं 'ई', म्हणजे खरं-खोटं. 'एच' मधली अडचण काळाने आणि वागणुकीने सौम्य होते. 'ई' मधली सहजासहजी होत नाही, कारण तिथे शंका माणसाच्या शब्दावरच येते. गांजाची कबुली देणाऱ्याला 'एच' एकटं सोडवावं लागतं. लपवणाऱ्याच्या गळ्यात दोन्ही पडतात.

'कोलोरॅडोत कायदेशीर होतं, मग मी बेकायदा काय केलं?' हा युक्तिवाद इथे चालत नाही. कोलोरॅडोत २०१४ पासून दुकानात गांजा मिळतो, मेरीलँडमध्ये जुलै २०२३ पासून. पण क्लिअरन्स संघराज्याचा, त्यामुळे कायदाही संघराज्याचा. विभाग २३ च्या वरच्या मजकुरातच लिहिलेलं आहे की राज्यात परवानगी असली तरी संघीय कायद्याप्रमाणे उत्तर द्यायचं. गांजाचं शेड्यूल, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या संघीय यादीतला वर्ग, बदलण्याच्या बातम्या येत असतात, त्यावर भरवसा ठेवून काही ठरवू नका. शेड्यूल बदललं तरी पार्टीत खाल्लेली गमी डॉक्टरने लिहून दिलेलं औषध ठरत नाही. राज्याच्या मेडिकल मॅरिजुआना कार्डाचाही इथे उपयोग नाही.

तरी गांजाकडे पाहण्याची नजर सैल झाली आहे, हेही खरं. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी सगळ्या खात्यांना लेखी कळवलं की पूर्वीचा हौसेखातर केलेला गांजाचा वापर विचारात घ्यायचा, पण त्या एकट्यावर निकाल ठरवायचा नाही. त्याच पत्रात एक ठळक रेघ ओढून दिली आहे: एसएफ-८६ वर सही केल्यापासून पुढे अजिबात नाही. त्या सहीच्या अलीकडचं आणि पलीकडचं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहीच्या आदल्या वर्षीची गमी एक वेळ समजावून सांगता येते. सहीनंतरच्या आठवड्यातल्या गमीचं समर्थन करताना चांगला वकीलही घामाघूम होतो. म्हणजे तोपर्यंत मोकळीक आहे असं नाही. नोकरीचं पत्र हातात असताना, क्लिअरन्स लागणार हे माहीत असताना घेतलेलंही तितकंच वाईट दिसतं.

आता किती काळ लोटलेला पुरतो? सूत्रांमध्ये महिन्यांचा किंवा वर्षांचा आकडा दिलेला नाही, मुद्दामच. तिथे एवढंच म्हटलंय की वर्तन इतकं जुनं, इतकं तुरळक किंवा अशा परिस्थितीत घडलेलं असावं की ते पुन्हा होण्याची शक्यता नाही. प्रत्यक्षात मी हिशेब असा मांडतो. फक्त गांजा, तुरळक, आणि शेवटच्या वेळेला वर्ष उलटून गेलेलं, तर सीक्रेटसाठी स्थिती बरी. सहा महिन्यांच्या आत असेल तर अंतिम निकाल पुढे काहीही लागो, अंतरिम क्लिअरन्स बहुधा हुकतो, आणि कंपनीला माणूस लगेच कामावर हवा असेल तर नोकरीचं गणित तिथेच बिघडतं. कोकेन, एमडीएमए, एलएसडी असेल तर वर्ष पुरत नाही, दोन-तीन वर्षांचा स्वच्छ काळ दाखवता आला पाहिजे. विक्री केली असेल, मग ती मित्रांमध्ये 'जेवढ्याला घेतलं तेवढ्याला दिलं' अशी का असेना, तर सगळंच प्रकरण जड होतं. ही माझी मोजपट्टी आहे, नियम नव्हे. आणि सध्या वापर चालू असलेल्या माणसाला क्लिअरन्स देताच येत नाही. ती बंदी २००८ पासून थेट कायद्यात आहे.

तुमचे चौदा महिने त्यामुळे पथ्यावर पडतात. डोळ्यांत खुपेल ती तारीख नाही, पुनरावृत्ती. कॉलेजात सोडलं होतं तर मग अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर पुन्हा का घेतलं, हे तपासनीस विचारणारच. त्याचं सरळ उत्तर तयार ठेवा. 'सगळे घेत होते, मीही घेतली, त्या वेळी क्लिअरन्सच्या नोकरीचा विचार नव्हता' हे उत्तर खरं असेल तर पुरे. त्यावर साज चढवायला जाऊ नका.

आता फॉर्मकडे. बहुतेक चुका इथेच होतात, आणि त्या खोटेपणापेक्षा घाईतून जास्त होतात.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. विभाग २३ मध्ये साधारण सात वर्षांचा काळ विचारतात. नवीन प्रश्नावली मंजूर झाली आहे आणि तिच्यातल्या मुदती वेगळ्या आहेत, म्हणून तुमच्या पडद्यावर जी मुदत दिसेल तीच धरा, कुणाच्या जुन्या सल्ल्यातली नको. सात वर्षं मोजायची सहीच्या तारखेपासून. प्रत्येक पदार्थाची वेगळी नोंद. त्यात पहिल्या वापराचा महिना-वर्ष, शेवटच्या वापराचा महिना-वर्ष, किती वेळा आणि कसा, आणि पुढे घेण्याचा इरादा आहे का व का नाही.

'पहिला वापर' या रकान्यात लोक अडखळतात. एखादा पदार्थ सात वर्षांच्या आत एकदाही घेतला असेल, तर त्याचा पहिला वापर खरोखर पहिला जेव्हा झाला तेव्हाचा लिहायचा, तो नऊ वर्षांपूर्वीचा असला तरी. 'सात वर्षांपलीकडचं विचारलेलंच नाही' असं समजून लोक मधलीच तारीख टाकतात आणि मुलाखतीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगून बसतात. झाली विसंगती. नक्की महिना आठवत नसेल तर अंदाजाची खूण करायची सोय तिथेच आहे, ती वापरा.

संख्येचंही तसंच. दहा-पंधरा वेळा असेल तर 'अंदाजे १५ वेळा, चार वर्षांत, मित्रांबरोबर' असं लिहा. 'एक-दोनदा करून पाहिलं' हे शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतात. फॉर्मवर दोन, मुलाखतीत सात, खोदून विचारल्यावर वीस, अशी चढती भाजणी लागली की मग पंचवीस हा खरा आकडा सांगितला तरी कुणी मानत नाही. म्हणून अंदाज करताना वरचा आकडा धरा. पंधरा लिहून बारा निघाले तर कुणाचं काही बिघडत नाही.

गमीच्या बाबतीत आणखी एक जागा आहे जी जवळजवळ सगळेच चुकवतात. वापराच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न असतो: सात वर्षांत अमली पदार्थाची खरेदी, लागवड, देवघेव, वाहतूक, विक्री यांपैकी काही केलंय का. वेगासच्या दुकानात कार्ड तुम्ही दिलं असेल तर ती खरेदी. दुकान परवानाधारक होतं, पावती होती, तरी संघीय नजरेत खरेदीच. पैसे मित्राने दिले आणि तुम्ही फक्त हातात घेतली, तरी प्रश्नात 'स्वीकारणं' आणि 'हाताळणं' हे शब्द आहेत, ते नीट वाचा. वापराला 'हो' आणि खरेदीला 'नाही' असं लिहून बँकेच्या विवरणात दुकानाचं नाव निघालं, तर प्रामाणिक माणूसही लपवणारा दिसतो.

मित्राची अ‍ॅडरॉल वेगळ्या प्रश्नाखाली जाते, डॉक्टरी औषधाच्या गैरवापराच्या. एक गोळी, एक परीक्षा, कुणाकडून, केव्हा, एवढं दोन ओळींत लिहा. हे सांगताना आपल्या घरांमधली एक सवय आठवते. भारतातून आलेल्या बॅगेत औषधांचा डबा असतो आणि त्यात झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलम किंवा पाठीसाठी ट्रामाडॉलची पाकिटं असतात. ही दोन्ही औषधं अमेरिकेत नियंत्रित आहेत. आईच्या नावावरची गोळी तुम्ही घेतली असेल तर ती याच प्रश्नात बसते. पॅरासिटामॉल नाही बसत, घाबरू नका.

भांगेचा प्रश्न तुम्ही थोडा हसत विचारलाय असं दिसतं, पण विचारलात हे बरं झालं. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली ती परवान्याशिवाय चालत नाही. मामाने ती कुठून आणली कुणास ठाऊक! आणि अमेरिकी व्याख्येत पानही मॅरिजुआनाच. कायद्याचा कीस काढून 'नाही' लिहिता येईलही, पण त्यात फायदा काय? गांजाच्या नोंदीत टिपण्याच्या जागी लिहा: एकदा, सणाच्या दिवशी, भारतात नातेवाइकांच्या घरी, गांजाच्या पानांचं पेय. इंग्रजीत 'भांग' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही आणि उगाच एक जादा मुलाखत वाढेल.

'पुढे घेण्याचा इरादा आहे का' याला एकच उत्तर: नाही. 'कायदेशीर झालं तर', 'सध्या तरी नाही' असली शेपटं लावू नका. स्पष्ट नकार न देणं हे स्वतःच सूत्र 'एच' मध्ये प्रतिकूल कारण म्हणून नोंदलेलं आहे. मनात खरंच तसं असेल तर ही नोकरी सोडा, क्लिअरन्सची नोकरी असेपर्यंत हे पथ्य पाळावंच लागतं.

एक दिलासा: विभाग २३ मध्ये दिलेल्या खऱ्या उत्तराचा वापर पुढे फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून होणार नाही, असं फॉर्मवरच लिहिलेलं आहे. उलट जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. कंपनीतला सुरक्षा अधिकारीही फॉर्म पाहतो, पण फक्त तो पूर्ण आणि नीट भरलाय का हे तपासायला. त्यातली माहिती तुमच्या मॅनेजरपर्यंत जाणं अपेक्षित नाही.

पण हे संरक्षण सगळीकडे पुरत नाही, आणि तुमच्या प्रकरणातली खरी अवघड जागा हीच आहे. कॉलेजात असताना तुम्ही ग्रीन कार्डावर होतात. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात, 'ज्यासाठी अटक झाली नाही असा कुठला गुन्हा कधी केलाय का' अशा अर्थाचा प्रश्न असतो. इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं होतं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीला बाधा आणू शकतो. तुम्ही तिथे 'नाही' वर खूण केली असेल, आणि बहुतेकांनी केलेली असते, तर आता एसएफ-८६ वरचं 'हो' त्या उत्तराशेजारी ठेवून पाहिलं जाऊ शकतं. नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई बहुधा दिवाणी असते, म्हणून विभाग २३ च्या आश्वासनावर इथे विसंबू नका. याचा अर्थ आता लपवा असा नाही. अर्थ असा की सही करण्याआधी एन-४०० ची प्रत काढा, तिथे काय लिहिलंय ते वाचा आणि ती घेऊन इमिग्रेशन आणि क्लिअरन्स दोन्ही जाणणाऱ्या वकिलाकडे एक तास घालवा. नोकरीच्या घाईत हा एक तास वाचवू नका.

हे वाचणाऱ्या एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांना वेगळं सांगतो: क्लिअरन्स फक्त नागरिकांना मिळतो, तोही कंपनीने किंवा खात्याने नाव पुढे केलं तरच. त्यामुळे 'मोकळेपणाने सांगून टाका' हा सल्ला तुमच्यासाठी नाही. इमिग्रेशनच्या बाबतीत नुसती कबुलीही अंगाशी येऊ शकते. खोटं बोलू नका, पण वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तरही देऊ नका.

फॉर्म गेल्यावर काय होतं? तपास डीसीएसए ही संरक्षण खात्याची यंत्रणा करते. सीक्रेटसाठी सगळ्यांचीच मुलाखत होते असं नाही, पण विभाग २३ मध्ये 'हो' असेल तर तयारीत राहा. तपासनीस सहसा तुमचीच नोंद समोर ठेवून एकेक ओळ विचारतो. म्हणून सही करण्याआधी भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचून काढा. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तिघांची नावं फॉर्ममध्ये असतात, त्यांनाही विचारलं जाऊ शकतं. त्यांना काय बोलायचं ते पढवू नका. वेगासला बरोबर असलेला मित्र त्यांत असेल तर त्याला हटवूही नका, तो खरं बोलेल आणि ते तुमच्या लिखाणाशी जुळेल.

सोबत एक कागद तयार ठेवा: सही केलेलं, तारीख घातलेलं निवेदन, की मी कुठलाही अमली पदार्थ घेणार नाही आणि पुढे कधी घेतल्याचं आढळलं तर क्लिअरन्स रद्द होण्यास ते कारण ठरेल हे मला मान्य आहे. सूत्र 'एच' मध्ये अनुकूल बाबींत याचा नावानिशी उल्लेख आहे, त्यामुळे हा उपचार वाटला तरी त्याला वजन आहे. त्याच ठिकाणी गांजा घेणाऱ्या संगतीपासून दूर होणं आणि वातावरण बदलणं हेही येतं. कॉलेजचे मित्र सोडा असं नाही. त्यांच्या घरी ते ओढत बसले असतील तर तुम्ही तिथून निघता, एवढं सांगता आलं पाहिजे. हवं तर केसांची चाचणी स्वखर्चाने करून घ्या. दीड इंच केसांतून सुमारे ९० दिवसांचा काळ दिसतो. गरजेची नाही, पण निकाल लांबला तर फाइलला जोडता येते.

निकाल प्रतिकूल दिशेने गेला तर आधी आक्षेपांचं पत्र येतं, एकेक आरोप क्रमांक घालून. कंत्राटदाराच्या माणसाची बाजू संरक्षण खात्याच्या 'डोहा' या सुनावणी आणि अपिलांच्या कार्यालयापुढे चालते. पत्र मिळाल्यापासून उत्तराला २० दिवस. प्रत्येक आरोपावर मान्य की अमान्य हे लिहावं लागतं आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी की नुसत्या कागदांवर निकाल, हेही तेव्हाच सांगायचं असतं. शक्य असेल तर सुनावणी घ्या. अशा प्रकरणात न्यायाधीशाला तुम्ही विश्वासू वाटता का हाच मुद्दा असतो, आणि तो कागदावर उमटत नाही. एवढं मात्र ध्यानात असू द्या की संशयाचा फायदा इथे सरकारला मिळतो, तुम्हाला नाही. १९८८ च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नव्हे.

सीक्रेटऐवजी एफबीआयसारख्या खात्यात थेट नोकरी असती तर उत्तर बदललं असतं. तिथे भरतीचे स्वतःचे वेगळे नियम असतात: एफबीआयमध्ये अर्जाआधीच्या एका वर्षात गांजा नको आणि इतर बेकायदा पदार्थ दहा वर्षांत नकोत. तो नोकरीचा निकष, क्लिअरन्सचा नव्हे. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि दहा वर्षांचा आकडा ऐकून उगाच खचतात.

तर या आठवड्यात एन-४०० ची प्रत काढा, वकिलाची वेळ घ्या, आणि चारही गोष्टींच्या तारखा एका कागदावर उतरवा. ब्रोकरेज खातं उघडून पाहा. गांजा विकणाऱ्या कंपनीचे शेअर तुम्ही स्वतः निवडून घेतले असतील तर तेही २०२१ च्या पत्राप्रमाणे विचारात येऊ शकतात, म्युच्युअल फंडात मिसळून आलेले असतील तर काळजी नाही. मग स्वयंपाकघरातलं कपाट. गुडघेदुखीवर म्हणून कुणीतरी दिलेलं, गांजाच्या जातीच्या झाडापासून काढलेलं सीबीडी तेल, 'डेल्टा-८' लिहिलेल्या गमीज, सगळं बाहेर काढा. त्या बाटल्यांवर 'टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांहून कमी' असं छापलेलं असलं तरी आत नेमकं किती आहे याची हमी अन्न व औषध प्रशासन देत नाही, आणि लघवीच्या चाचणीत टीएचसी निघालं तर ते बाटलीतून आलं की गांजातून, हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही.